लाइन कोणाच्या नावावर?

आग्रही : काका, इथे भिवंडीत आमच्या गल्लीत कारखान्यांच्या माळ्यावर खोल्या आहेत. एका खोलीत दहा-बारा माणसं. निम्मी दिवसपाळीची, निम्मी रातपाळीची. एक उठून मागावर गेला की दुसरा त्याच चटईवर आडवा होतो. इंटरनेटचंही तसंच झालंय. केबलवाल्याकडून एक लाइन, एक राऊटर, पासवर्ड सगळ्यांना पाठ, महिन्याचे पैसे वाटून. हे गरजेतून आलं, कोणी ठरवून केलं नाही. पण मला त्यात एक आडोसा दिसतो. बाहेरच्या जगाला हे बारा जण मिळून एकच पत्ता दिसतात. कोणी काय वाचलं, कोणी काय शोधलं, असं विचारत पोलीस आले तर खोलीच्या दारापर्यंत येतील. आतल्या बारांपैकी नेमका कोण, हे त्या पत्त्यावरून कळणार नाही. मग हीच गोष्ट समजून-उमजून का वाढवू नये? एका खोलीऐवजी एक चाळ, एका चाळीऐवजी एक मोहल्ला. ज्याला आपलं नाव-गाव न सांगता चार गोष्टी वाचायच्या आहेत, त्याला तेवढी जागा मिळेल.

साशंक : गर्दीत माणूस लपतो, खरं आहे. पण तो सापडला नाही तर पोलीस हात हलवत परत जातात, असं तुला वाटतं का? ते गर्दीच उचलतात. 1970 च्या मे महिन्यात इथे दंगल झाली तेव्हा मी लहान होतो. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली, आणि दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाच्या कामावर पक्षपाताचा ठपका ठेवला. तेव्हा इंटरनेट नव्हतं. पण या गावात संशय आधी वस्तीवर येतो आणि मग माणसावर, हे आम्ही तेव्हापासून पाहतोय. तू बारा जणांना एका पत्त्यात बांधतोस, म्हणजे एकाने केलेल्या गोष्टीचा संशय बारांवर नेऊन ठेवतोस. आणि बारांवरही सारखा नाही. भिशी बुडाली तर सगळ्यांचे थोडे थोडे बुडतात. इथे लाइन ज्याच्या नावावर, त्याचं सगळं बुडणार.

सानपाड्याचं आठव. 26 जुलै 2008. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला, आणि त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर आला. राहणारा अमेरिकन नागरिक. त्याचा वायफाय उघडा होता, कोणीतरी बाहेरून वापरला. त्याची चौकशी झाली, संगणक जप्त झाला, देश सोडू नये म्हणून नोटीस निघाली. त्याच्या पाठीशी निदान दूतावास होता. गैबीनगरच्या किंवा शांतीनगरच्या खोलीतून तसा ईमेल गेला असता तर? बारा मजूर, त्यातले बरेच परप्रांतातले, भाड्याचा करार कोणाकडे नाही. त्यांच्या पाठीशी कोण उभं राहिलं असतं, सांग.

आग्रही : कोणी नाही. ते मी मान्य करतो. पण सानपाड्याचा धडा तुम्ही अर्धाच सांगताय. त्या माणसाचा त्यात हात नव्हता, हे तपासातच पुढे आलं. पुढचा ईमेल ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या कॉलेजच्या वायफायवरून गेला, त्याच्या पुढचा सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या. तिन्ही वेळा पत्ता बरोबर होता आणि माणूस चुकीचा. पत्ता म्हणजे माणूस नव्हे, एवढी साधी गोष्ट आपल्या तपास यंत्रणेला या तीन ईमेलांनी शिकवायला हवी होती. त्यातून निघालं काय? फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या, की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळख नोंदवा.

आणि जो कोणाशीच वाटून घेत नाही, तो तरी सुरक्षित आहे का? 2007 साली छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुट या संकेतस्थळावर आला. पुणे पोलिसांनी इंटरनेट कंपनीकडे विचारणा केली, कंपनीने एका ग्राहकाचं नाव दिलं. बंगळुरूचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याला उचलून आणलं. पन्नास दिवस येरवड्यात काढले त्याने, आणि मग कळलं की नोंदच चुकीची होती. त्याने वायफाय उघडा ठेवला नव्हता, पासवर्ड वाटला नव्हता, काहीच केलं नव्हतं. स्वतःच्या नावाची स्वतंत्र लाइन होती, हेच त्याला भोवलं. एक लाइन, एक नाव, म्हणजे हाच गुन्हेगार, असं सगळ्यांनी धरून चाललं. तिथे बारा जण असते, तर निदान कोणाला तरी थांबून विचारावं लागलं असतं.

साशंक : किंवा बाराच्या बारा येरवड्यात गेले असते. तू म्हणतोस तसं थांबून विचारणं घडायला पोलिसांच्या मनात शंका यावी लागते, आणि ती माणूस बघून येते. आणखी एक बघ. तो इंजिनिअर सुटला, कारण नोंद तपासता आली. ती चूक होती, हे सिद्ध करायला दुसरी, बरोबर नोंद कुठेतरी होती. तुझ्या खोलीत तशी नोंद कुठे आहे? मंगळवारी रात्री 11 वाजता फोन कोणाच्या हातात होता, हे कोण सांगणार? निर्दोष माणसालाही आपण निर्दोष आहोत हे दाखवायला कागद लागतो. तू कागदच ठेवत नाहीस. ज्या अंधारात पोलिसांना दिसत नाही, त्याच अंधारात तुझ्या माणसाला स्वतःची सुटकाही सापडणार नाही.

आग्रही : काका, आपण निर्दोष आहोत हे आपणच सिद्ध करायचं, हा नियम कुठला? सिद्ध त्यांनी करायचं.

साशंक : कायद्यात त्यांनी. चौकीत आपण.

आग्रही : तिथेच तर मला भांडायचं आहे. आधी मी कोणाचा आडोसा मागतोय ते सांगतो, कारण तुमच्या डोळ्यांसमोर एकदम दहशतवादी उभा राहतो आणि माझ्यासमोर दुसरी माणसं आहेत. बारा तासांच्या पाळीचा कायदेशीर पगार किती, हे शोधणारा मागवाला. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार कुठे करायची, हे रात्री चोरून वाचणारी बाई. एचआयव्हीची तपासणी कुठे होते ते बघणारा पोरगा. धर्माबाहेर लग्न करायचं असेल तर नोटीस किती दिवस लागते, हे वाचणारी दोघं. यांच्यापैकी कोणी गुन्हा करत नाही. पण प्रत्येकाला भीती आहे, की आपण हे शोधलं हे कोणाला तरी कळेल. आज वेबसाइटवरचा मजकूर कुलूपबंद जातो, हे खरं. पण आपल्या ट्रान्सपोर्टच्या गाठीसारखं आहे ते. गाठ शिवलेली असते, आत साडी आहे की सुटिंग ते दिसत नाही. बिल्टीवर मात्र कोणाकडून कोणाकडे हे लिहिलेलं असतं. इंटरनेट कंपनी ही बिल्टी सांभाळून ठेवते. डिसेंबर 2021 मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, आता एक वर्षाऐवजी किमान दोन वर्षं. पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने लेखी हुकूम काढला की ग्राहकाचं नाव मिळतं. त्यासाठी न्यायाधीशासमोर जावं लागत नाही. वाटून घेतलेल्या लाइनवर बिल्टी राहतेच, फक्त पाठवणाऱ्याच्या जागी माणसाऐवजी खोलीचं नाव येतं. एवढंच मी मागतोय.

साशंक : एवढंच मागतोस, आणि तेवढंही तुला मिळत नाही. तुझा मागवाला शोधतो कशावर? मोबाइलवर. मोबाइलमध्ये त्याचं गुगलचं खातं, खात्याला त्याचा नंबर, नंबराला आधार. व्हॉट्सअ‍ॅप नंबरावर, फेसबुक नंबरावर. लाइन बारांची असली तरी खातं एकाचं आहे. तू घराचं पुढचं दार लावून घेतलंस आणि प्रत्येकाच्या कपाळावर नाव तसंच ठेवलंस. पालघरचं प्रकरण घे, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या नुसत्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यासाठी पोलिसांनी कोणती तार तपासली? कोणतीच नाही. तिचं नाव वर लिहिलेलं होतं, वाचणारे गावातलेच होते, तक्रार गावातूनच गेली. आपल्याकडे पाळत ठेवतो तो शेजारी, मावसभाऊ, ग्रुपमधला माणूस. तो स्क्रीनशॉट काढतो आणि चौकीत नेऊन देतो. तुझा वायफाय तिथे काय करणार?

आग्रही : तिथे काहीच करणार नाही. जो आपल्या नावाने बोलतो त्याला आडोसा नको, त्याला कायदा हवा, आणि पालघरनंतर तो थोडाफार मिळाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं.

साशंक : आणि रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस पुढेही गुन्हे नोंदवत राहिले. 2021 साली ते ऐकून सर्वोच्च न्यायालयालाच धक्का बसला.

आग्रही : म्हणूनच म्हणतो, फक्त निकालांवर विसंबता येत नाही. वाचणाऱ्याला आज रात्री काहीतरी हवं. जर्मनीत हेच झालं. बर्लिनमध्ये फ्रायफुंक नावाची चळवळ आहे, लोक आपापल्या छपरावर राऊटर लावून शेजारपाजारचं जाळं विणतात. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वायफायला नीट कुलूप न लावणारा मालक दुसऱ्याच्या गैरवापरासाठी अडचणीत येऊ शकतो. लोक घाबरून जाळी बंद करतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळी वाहतूक परदेशातल्या सर्व्हरमार्गे वळवली, म्हणजे कोणत्याही एका घराचा पत्ता पुढे येईना. आपल्या मोहल्ल्यात ते का होऊ नये?

साशंक : कारण आपल्याकडे 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन, म्हणजे असे वळणाचे मार्ग चालवणाऱ्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि नावाजलेल्या कंपन्यांनी इथले सर्व्हर बंद करून टाकले. परदेशातले चालू आहेत, ठीक. पण जर्मनीची गोष्ट शेवटपर्यंत सांग ना. 2017 मध्ये त्यांनी कायदाच बदलला आणि मालकाच्या डोक्यावरची ती जबाबदारी काढून टाकली. लोक निर्धास्त झाले ते कायद्याने. छपरावरच्या राऊटरने त्यांना तोवर तग धरायला मदत केली, इतकंच.

आणि वेगळा मार्ग घेतला की माणूस लपतो, हेही खरं नाही. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर वापरून, म्हणजे नाव लपवण्याच्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या साधनांपैकी एकातून. तो लगेच सापडला. विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळी टॉर वापरणारे कोण, एवढंच त्यांनी पाहिलं. ज्या जाळ्यात तो लपला त्याच जाळ्याच्या नोंदीने त्याला धरून दिलं. भिवंडीच्या एका गल्लीत शंभरांपैकी दोघंच असं काही वापरतील, तर ती दोघं दिवा लावल्यासारखी दिसतील.

आग्रही : म्हणून तर मी शंभरच्या शंभर म्हणतोय.

साशंक : आणि त्या शंभरांचा राऊटर कुठे बसवणार?

आग्रही : म्हणजे?

साशंक : सध्या तुमच्या खोलीचा राऊटर कुठे आहे?

आग्रही : खाली, कारखान्यात. वीज तिथे पक्की असते.

साशंक : म्हणजे शेठच्या छपराखाली, मुकादमाच्या टेबलामागे. ज्याच्या ताब्यात राऊटर, त्याला कोणता फोन कधी जोडला हे दिसतं. थोडं शिकलेला असेल तर कोणत्या साइटकडे गेला तेही दिसतं. तुझा मागवाला पगाराचा कायदा शोधतोय ना? त्याची बातमी ठाण्यापर्यंत जायला कागदपत्रं लागतील, मुकादमापर्यंत जायला जिनाही चढावा लागणार नाही. ती बाई? तिच्या घरच्या राऊटरची चावी नवऱ्याकडे किंवा दिराकडे असते. लग्न करू पाहणारी दोघं पोलिसांना भितात, पण त्याहून जास्त भावाला भितात. तू सरकारच्या नजरेपासून पळून त्यांना जवळच्या माणसाच्या हातात देतोयस. सरकार निदान कधी कधी कोर्टात उत्तर देतं. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणात फोन टॅप करण्याचे तिन्ही आदेश रद्द केले, केलेली रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, 2017 च्या नऊ न्यायाधीशांच्या खासगीपणाच्या निकालाचा आधार घेतला. मुकादमाविरुद्ध असा अर्ज कुठे करायचा?

आग्रही : हे मी पाहिलंच नव्हतं. मी पाळत म्हणजे फक्त खाकी धरून चाललो होतो. पण काका, त्या उच्च न्यायालयात जाणारा उद्योजक होता. मागवाल्याला उच्च न्यायालय माहीत नसतं, त्याला चौकी माहीत असते. त्याच्या दृष्टीने मुकादम आणि चौकी यांच्यात फार अंतर नाही.

साशंक : अंतर असावं, यासाठी आम्ही या गावात वर्षं घालवलीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे इथे उपायुक्त होते, तेव्हा मोहल्ला कमिट्या झाल्या. 1984 च्या दंगलीच्या जखमा ताज्या होत्या. गल्लीतला हिंदू, गल्लीतला मुसलमान आणि बीटचा हवालदार एका सतरंजीवर बसायचे. मीही बसलोय. कोणाचा मुलगा काय करतो, कोण कोणावर चिडलाय, सगळं उघड बोललं जायचं. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 मध्ये मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. शांत राहिली ती आम्ही एकमेकांना तोंडाने आणि नावाने ओळखत होतो म्हणून. लपण्याने या गावाला कोणी वाचवलेलं नाही, पोरा. तू मला सांगतोस की सुरक्षिततेसाठी आता नावं पुसू या, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आग्रही : तुम्ही त्या सतरंजीवर स्वतःहून बसलात. हवालदार तुम्हाला ओळखत होता आणि तुम्ही हवालदाराला. दोघांना एकमेकांचं नाव माहीत होतं. आज मला कोण ओळखतं? कंपनीकडे माझी दोन वर्षांची बिल्टी आहे, ती कोणी मागितली, कधी मागितली, का मागितली, हे मला कधीच कळवलं जात नाही. ओळख एकाच बाजूने असेल तर तिला मोहल्ला कमिटी म्हणता येत नाही. आणि तुम्ही बसायचात तेव्हा घरी कोणतं पुस्तक वाचता, हे हवालदाराने विचारलं होतं का?

साशंक : नाही. विचारलं असतं तर मी उठून गेलो असतो.

आग्रही : मग आपण फार लांब नाही.

साशंक : लांबच आहोत, कारण तू फक्त वाचणाऱ्याचं बोलतोयस आणि लाइनवरून वाचणं जातं तसं बाकीही जातं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. तशी एक अफवा उद्या तुझ्या खोलीतून निघाली तर? एखाद्या मुलीचा फोटो खोट्या खात्यावरून टाकून तिला कोणी धमकावलं आणि माग तुझ्या राऊटरवर येऊन थांबला, तर तिच्या बापाला तू काय सांगशील? बारांपैकी कोण ते कळत नाही, आणि कळू नये अशीच आमची योजना आहे, असं सांगशील?

आग्रही : याला माझ्याकडे उत्तर नाही. मी बऱ्याचदा विचार केलाय. त्या बापासमोर मी उभा राहू शकणार नाही. फोन जप्त करून, तपासून, पोलीस त्या माणसापर्यंत पोचतील, साधी पोलिसी मेहनत करून पोचतील, असं मी म्हणू शकतो. पण त्यासाठी बाराही फोन जप्त होतील. म्हणजे ज्या बारांना मी आडोसा देतोय त्यांचं सगळं, फोटो, घरचे निरोप, बँक, टेबलावर येईल. हा हिशेब मला सुटत नाही. पण तुमचाही सुटत नाही. त्या एका नराधमासाठी बाकीच्या अकरांनी आयुष्यभर नाव लावून वाचायचं, हे तुम्हालाही पटत नाहीये.

साशंक : नाही पटत. मला वाटतं, माझी मागणी पोलिसांकडे आहे. त्यांनी आधी माणूस सिद्ध करावा आणि मग हात घालावा. पत्ता सापडला म्हणून नव्हे. त्याला आधार आहे. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या एका सदस्याने काही टाकलं, तर सामायिक हेतू दिसल्याशिवाय अ‍ॅडमिनला त्यात ओढता येणार नाही. राऊटर ज्याच्या नावावर त्याला हाच न्याय लागू व्हायला हवा, असं कोणा वकिलाने एकदा मांडायला हवं. तोपर्यंत कायदेशीर वाटही आहे. डिसेंबर 2020 पासून पीएम-वाणी योजनेत चहाचा टपरीवालाही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो.

आग्रही : विकू शकतो, आणि घेणाऱ्याला आपली ओळख पटवून आत जावं लागतं. म्हणजे कायद्याने वाटायचं तर प्रत्येकाचं नाव द्या. नाव न देता वाटायचं तर सगळा भार एकाच्या नावावर टाका. तिसरी वाट ठेवलेलीच नाही. बारा जणांनी मिळून जबाबदारी घ्यावी आणि तरी कोणी काय वाचलं हे कोणाला कळू नये, अशी सोय कायद्यातही नाही आणि राऊटरमध्येही नाही.

साशंक : आणि तोवर तू मोहल्लाभर जाळं पसरणार?

आग्रही : पसरावं की नाही, आता माझंही नक्की राहिलं नाही. खोलीतलं बंद करणार नाही. बारा जणांना बारा लाइनी परवडत नाहीत.

साशंक : बंद कर असं मी म्हणत नाही. एवढंच सांग, तुमच्या खोलीची लाइन कोणाच्या नावावर आहे?

आग्रही : रातपाळीतल्या सगळ्यांत लहान पोराच्या. एकोणीस वर्षांचा आहे. आधारवर भिवंडीचा पत्ता त्याच्या एकट्याच्याच होता, म्हणून केबलवाल्याने त्याचं कार्ड घेतलं.

साशंक : आपण इतका वेळ जे बोललो, त्यातलं त्याला काही माहीत आहे?

आग्रही : नाही.

साशंक : मग आज पाळी बदलायच्या वेळी बाराही जण खोलीत असतील तेव्हा जा, आणि सगळ्यांसमोर त्याला सांग.